कर्जाच्या बदल्यात राजधानी: १७९० च्या अमेरिकन तडजोडीचा हिशेब

अमेरिकेची राजधानी कुठल्याच राज्यात मोडत नाही. मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर, पोटोमॅक नदीकाठी मुद्दाम आखून घेतलेल्या जागेत ती वसवली गेली. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही दोन भरभराटीची शहरं हाताशी असताना सरकारने शेतं, झुडपं आणि दलदल असलेली जागा का निवडली? हे समजून घ्यायचं तर आधी स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जाची वही उघडावी लागते.

१७९० च्या उन्हाळ्यात युद्धाचं कर्ज कोणी फेडायचं आणि राजधानी कुठे करायची, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकले आणि एकत्रच सुटले. ही गोष्ट बहुतेक वेळा एका जेवणाची म्हणून सांगितली जाते: तीन पुढारी जेवायला बसले आणि उठेपर्यंत सौदा पक्का झाला. जेवण झालं, हे खरं. पण सौदा टिकला तो आकड्यांची मांडणी सर्वांना कशीबशी का होईना पचेल अशी केली म्हणून. त्यामुळे आकड्यांपासूनच सुरुवात करू.

कर्ज किती आणि कोणाचं

अलेक्झांडर हॅमिल्टन सप्टेंबर १७८९ मध्ये अर्थमंत्री झाला आणि जानेवारी १७९० मध्ये त्याने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, अहवाल ठेवला. त्यात कर्जाचे तीन ढीग होते. फ्रान्स, स्पेन आणि हॉलंडचे सावकार यांचं देणं थकीत व्याजासह सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर. देशातल्याच लोकांचं केंद्राकडे असलेलं येणं सुमारे ४ कोटी २४ लाख, आणि त्यातले जवळपास १ कोटी ३० लाख हे निव्वळ थकलेलं व्याज. तिसरा ढीग राज्यांनी स्वतंत्रपणे काढलेल्या कर्जाचा, अंदाजे अडीच कोटींचा. एकूण ७ कोटी ९० लाखांच्या आसपास.

हा बोजा केवढा होता ते एका तुलनेतून कळतं. राज्यांचं कर्ज बाजूला ठेवलं तरी वर्षाचं व्याज सुमारे २२ लाख ४० हजार डॉलर होत होतं. सरकार चालवायचा वर्षाचा खर्च हॅमिल्टनने धरला होता ६ लाख. म्हणजे घरखर्चाच्या जवळजवळ चौपट नुसतं व्याज.

देशांतर्गत कर्ज कागदी रोख्यांच्या रूपात होतं. सैनिकांचा पगार नाण्यांत देता आला नाही, म्हणून कागद दिले. शेतकऱ्यांकडून धान्य आणि गुरं घेतली, त्याबदल्यातही कागद. राज्यघटनेआधीच्या जुन्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे फक्त मागणी करू शकत होती आणि राज्यं ती सर्रास टाळत. मग कागदाची किंमत घसरली. १०० डॉलरचा रोखा २०-२५ डॉलरला, कधी त्याहूनही कमी भावाला विकला जाई. घरी परतलेल्या, हातात रोकड नसलेल्या सैनिकाने तो विकला आणि शहरातल्या व्यापाऱ्याने घेतला.

हॅमिल्टनचं म्हणणं असं: परदेशी कर्ज ठरल्याप्रमाणे पूर्ण फेडा. देशातल्या रोख्यांचे पैसे आज ज्याच्या हातात रोखा आहे त्याला द्या. आणि राज्यांचं युद्धकर्जही केंद्राने आपल्या शिरावर घ्यावं. पहिल्या मुद्द्यावर कोणाचीच तक्रार नव्हती. उरलेल्या दोन मुद्द्यांवर सहा महिने रणकंदन झालं.

तो सगळे पैसे लगेच परत करणार नव्हता, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. जुना कागद घ्यायचा, नवे रोखे द्यायचे, आणि त्यांचं व्याज दर तिमाहीला न चुकता द्यायचं, अशी ती योजना होती. ऑगस्ट १७९० मध्ये झालेल्या कायद्यानुसार गणित असं बसे. समजा एखाद्याकडे ३०० डॉलर मुद्दलाचा रोखा आहे आणि त्यावर ९० डॉलर व्याज थकलंय. त्याला मुद्दलापैकी २०० डॉलरचे ६ टक्क्यांचे रोखे मिळत. उरलेल्या १०० डॉलरचे रोखेही ६ टक्क्यांचे, पण त्यांचं व्याज सुरू होणार १८०१ पासून. थकलेल्या ९० डॉलरचे ३ टक्क्यांचे रोखे. म्हणजे १८०० पर्यंत वर्षाला १२ अधिक २.७०, एकूण १४.७० डॉलर, पुढे २०.७० डॉलर. मूळ करारानुसार नुसत्या ३०० वरच १८ डॉलर मिळायला हवे होते. सावकाराने दहा वर्षं थोडं कमी घ्यायचं आणि बदल्यात व्याज नक्की मिळेल ही खात्री मिळवायची, असा तो व्यवहार होता. खात्री पटली तसा भाव चढला आणि १७९१ मध्ये ६ टक्क्यांचे रोखे दर्शनी किमतीच्या वर गेले.

मूळ सैनिक की आजचा धारक?

पण मग फायदा कोणाचा? २० डॉलरला रोखा घेणाऱ्याचा. अहवालाची कुणकुण लागताच काही सट्टेबाजांनी रोकड देऊन दक्षिणेकडे माणसं पाठवली. अजून बातमी न पोहोचलेल्या गावांतून रोखे मातीमोल भावात उचलले गेले. पेन्सिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले याच्या रोजनिशीत याबद्दलचा संताप जागोजागी दिसतो.

व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनने ११ फेब्रुवारीला प्रतिनिधीगृहात, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, पर्याय मांडला: आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ मालकाला, म्हणजे सैनिकाला किंवा शेतकऱ्याला द्या. ऐकायला हे सरळ न्यायाचं वाटतं, आणि नैतिक बाजू मॅडिसनचीच भक्कम होती असं मला वाटतं. पण अंमलबजावणीत ते कोलमडलं असतं. रोखे अनेक हातांतून फिरले होते. पुष्कळसे कागद मुळातच सैनिकाच्या नव्हे, तर कारकुनाच्या किंवा दलालाच्या नावाने काढलेले होते, त्यामुळे ‘मूळ मालक’ कागदावर सापडलाच नसता. दुसरी अडचण त्याहून मोठी. विकलेल्या रोख्यावर नंतर सरकार हक्क बदलू शकतं असं एकदा दिसलं, की पुढचे रोखे कोणी पूर्ण भावाने घेत नाही. २२ फेब्रुवारीला मॅडिसनचा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. याच मॅडिसनने १७८३ मध्ये असा भेदभाव करायला विरोध केला होता. मधल्या काळात सट्टा वाढला होता, आणि त्याच्या राज्यात विकणारे जास्त, विकत घेणारे कमी होते.

राज्यांचं कर्ज: खरा तिढा

राज्यांचं कर्ज केंद्राने का घ्यावं, यासाठी हॅमिल्टनकडे भक्कम कारण होतं. नव्या राज्यघटनेने आयातशुल्क फक्त केंद्राला दिलं होतं. राज्यांचं सर्वांत सोपं उत्पन्न गेलं, पण कर्ज त्यांच्याच गळ्यात राहिलं. आता केंद्र आणि तेरा राज्यं एकाच करदात्याच्या मागे लागली असती. त्यामागे राजकीय हेतूही होता. ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याचं बरं चालावं असं सावकाराला वाटतं. सगळ्या सावकारांचं येणं केंद्राकडे वळलं, तर पैसेवाला वर्ग केंद्राच्या पाठीशी उभा राहील.

अडचण अशी की राज्यांची परिस्थिती सारखी नव्हती. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली होती. व्हर्जिनिया, मेरीलँड, जॉर्जिया यांनी कर लावून आपलं बरंचसं देणं उतरवलं होतं. आता केंद्रीय करातून मॅसॅच्युसेट्सचं कर्ज फेडायचं, म्हणजे व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याने आधी स्वतःचं आणि मग शेजाऱ्याचंही भरायचं. मॅडिसनची मागणी होती की आधी युद्धखर्चाचा अंतिम हिशेब करा, कोणत्या राज्याने किती दिलं ते ठरवा, मग पुढचं बोला.

मार्चमध्ये समितीच्या टप्प्यावर प्रस्ताव थोड्या मतांनी तरला. मग नॉर्थ कॅरोलायनाचे खासदार येऊन पोहोचले. त्या राज्याने राज्यघटना नोव्हेंबर १७८९ मध्येच स्वीकारली होती, म्हणून त्यांना उशीर झाला होता. ते विरोधात गेले आणि १२ एप्रिलला राज्यांचं कर्ज केंद्राकडे घेण्याचा प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ ने पडला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडच्या राज्यांच्या, सदस्यांनी बजावलं: राज्यांचं कर्ज घेणार नसाल, तर केंद्राच्या रोख्यांचीही व्यवस्था होऊ देणार नाही. सगळं ठप्प झालं.

याच महिन्यांत आणखी एक विषय सभागृहात आला आणि बंद करण्यात आला. फेब्रुवारीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी पेन्सिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अर्ज आला. त्यावर अध्यक्ष म्हणून बेंजामिन फ्रँकलिनची सही होती. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाचे सदस्य खवळले. राज्यघटनेनुसार १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करता येत नव्हतीच. २३ मार्चला सभागृहाने २९ विरुद्ध २५ मतांनी या अर्जांवरचा अहवाल नोंदवून घेतला: राज्यांच्या आत गुलामांना मुक्त करायचा काँग्रेसला अधिकार नाही. कर्जावरची तडजोड ही या मौनावर उभी आहे. पैसा आणि जागा वाटून घेता आली. माणसांचा प्रश्न उत्तर आणि दक्षिण दोघांनी मिळून बाजूला सारला, आणि त्याची किंमत त्या माणसांनी मोजली.

राजधानीचा लिलाव

राजधानी म्हणजे केवळ मान नव्हे. भाडी, खानावळी, छापखाने, जमिनीचे भाव, आणि खासदारांच्या कानाशी असण्याचा फायदा, हे सगळं तिच्याबरोबर येई. १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेन्सिल्व्हेनिया सरकारने संरक्षणासाठी शिबंदी बोलावली नाही, आणि काँग्रेस तिथून उठली ती प्रिन्स्टन, ॲनापोलिस, ट्रेंटन असं करत न्यूयॉर्कला येऊन थांबली. म्हणूनच राज्यघटनेत दहा मैल लांब-रुंद इतक्या जागेवर केंद्राचा पूर्ण ताबा राहील असं कलम आलं. जागा कुठली, ते मात्र लिहिलं नव्हतं.

सप्टेंबर १७८९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीकाठची जागा जवळजवळ ठरली होती. सिनेटने तिच्या जागी फिलाडेल्फियाजवळचं जर्मनटाउन घातलं, मॅडिसनने एक छोटी दुरुस्ती सुचवली, आणि अधिवेशन संपेपर्यंत विधेयक लटकलं. कोणत्याही एका जागेमागे बहुमत नव्हतं, पण कोणत्याही जागेला अडवण्याइतकी मतं मात्र जमत. अशा वेळी किल्ली असते ती दोन्हीकडे झुकू शकणाऱ्याच्या हातात. इथे ती पेन्सिल्व्हेनियाच्या आठ प्रतिनिधींच्या आणि सिनेटर रॉबर्ट मॉरिसच्या हातात होती.

जूनमध्ये सौद्याचे दोन धागे समांतर विणले गेले. एक व्हर्जिनिया आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यात: दहा वर्षं राजधानी फिलाडेल्फियात, नंतर कायमची पोटोमॅकवर. एकदा सरकार फिलाडेल्फियात रुळलं की पुन्हा कोण हलवतंय, अशी पेन्सिल्व्हेनियावाल्यांची अटकळ होती. दुसरा धागा कर्जाचा. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सनने नंतर लिहून ठेवलं आहे की राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या दारासमोर त्याला हॅमिल्टन भेटला; चेहरा उतरलेला, योजना बुडाली तर राजीनामा द्यावा लागेल अशा मनःस्थितीत. जेफर्सनने त्याला आणि मॅडिसनला न्यूयॉर्कमधल्या मेडन लेनवरच्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. तारीख २० जूनच्या आसपासची.

ठरलं ते असं: मॅडिसन स्वतः विरोधातच मत देईल, पण आपली पूर्ण ताकद लावणार नाही, आणि व्हर्जिनियाची एक-दोन मतं फिरतील. हॅमिल्टनने उत्तरेकडच्या आपल्या लोकांना पोटोमॅकचा बेत उधळू द्यायचा नाही. जेवणाने सगळं ठरलं असं मानू नये, कारण पेन्सिल्व्हेनियाबरोबरची बोलणी वेगळी चालूच होती. जेवणाचं वजन किती, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

आधी कोणी द्यायचं, हा सौद्यातला नाजूक भाग होता. राजधानीचं विधेयक पुढे गेलं: सिनेटमध्ये १ जुलैला १४ विरुद्ध १२, प्रतिनिधीगृहात ९ जुलैला ३२ विरुद्ध २९, आणि १६ जुलैला वॉशिंग्टनची सही. म्हणजे दक्षिणेला तिचा हिस्सा आधी मिळाला. मग २६ जुलैला प्रतिनिधीगृहाने ३४ विरुद्ध २८ ने राज्यांचं कर्ज घ्यायला मान्यता दिली. चार मतं फिरली: व्हर्जिनियाचे रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट, मेरीलँडचे डॅनियल कॅरोल आणि जॉर्ज गेल. ली आणि व्हाइट यांचे मतदारसंघ पोटोमॅकला लागून होते. त्यांच्या मतदारांना राजधानीचा थेट फायदा होता. तरीही व्हाइटला मत फिरवताना पोटात ढवळून आलं, असं जेफर्सन लिहितो.

पण व्हर्जिनियाचं समाधान फक्त राजधानीने झालं नाही, आणि जेवणाच्या गोष्टीत नेमकं हेच निसटतं. ४ ऑगस्टच्या कायद्याने केंद्र घेणार असलेल्या कर्जाची मर्यादा २ कोटी १५ लाख ठरली आणि ती राज्यवार वाटून दिली. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना प्रत्येकी ४० लाख. व्हर्जिनिया ३५ लाख. नॉर्थ कॅरोलायना २४ लाख. पेन्सिल्व्हेनिया २२ लाख. डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड जेमतेम दोन-दोन लाख. ‘आम्ही फेडलं, आम्हाला काय?’ या व्हर्जिनियाच्या प्रश्नाला हे ३५ लाख हे उत्तर होतं. शिवाय दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, अंतिम हिशेबाचा कायदा झाला. पावत्या नीट न ठेवलेल्या राज्यांचे दावेही त्यात सढळपणे धरले जाणार होते, आणि दक्षिणेकडच्या पावत्याच सर्वांत विस्कळीत होत्या. म्हणजे मॅडिसनची मूळ मागणी, ‘आधी हिशेब’, ही ‘सोबत हिशेब’ अशा रूपात मान्य झाली.

राज्यांच्या रोख्यांना केंद्रीय रोख्यांपेक्षा थोडा कमी भाव मिळाला. ९०० डॉलरच्या रोख्यामागे ४०० डॉलर ६ टक्क्यांनी, २०० डॉलर १८०१ नंतरच्या ६ टक्क्यांनी, ३०० डॉलर ३ टक्क्यांनी. व्याज सुरू १७९२ पासून. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी ८३ लाखांचेच रोखे बदलून घेतले गेले.

नंतर कुठे उसवलं

पहिला टाका चारच महिन्यांत तुटला. डिसेंबर १७९० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठराव केला की राज्यांचं कर्ज घ्यायचा अधिकार राज्यघटना केंद्राला देत नाही. त्याची कुणकुण लागली तेव्हा हॅमिल्टनने सरन्यायाधीश जॉन जे याला लिहिलं होतं की ही वृत्ती एक तर ठेचावी लागेल, नाही तर ती राज्यघटनेलाच मारेल.

मग व्याजाला पैसा लागला. १७९१ मध्ये देशी दारूवर अबकारी बसली. पश्चिम पेन्सिल्व्हेनियात डोंगर ओलांडून धान्य नेणं परवडत नसे, म्हणून शेतकरी राईची व्हिस्की करून घोड्यावर लादत. तिथे व्हिस्की चलनासारखीच फिरे. कर मात्र रोकड्यात द्यायचा, आणि रोकडच नव्हती. १७९४ मध्ये वसुली अधिकारी जॉन नेव्हिल याचं घर जाळलं गेलं, आणि वॉशिंग्टनने जवळपास १३,००० शिबंदी पाठवली. देशद्रोहाचा गुन्हा दोघांवर शाबित झाला. दोघांनाही वॉशिंग्टनने माफी दिली.

हॅमिल्टनने सुचवलेल्या राष्ट्रीय बँकेच्या वादातही राजधानीची सावली होती. फेब्रुवारी १७९१ मध्ये प्रतिनिधीगृहाने बँक ३९ विरुद्ध २० ने मंजूर केली. उत्तर बहुतांशी बाजूने, दक्षिण बहुतांशी विरोधात. बँक वीस वर्षांसाठी आणि फिलाडेल्फियात. सरकार दहा वर्षांनी हलणार असताना बँक वीस वर्षं तिथेच राहिली, तर सरकार हलेल का, अशी शंका दक्षिणेला होती. त्याच सुमारास वॉशिंग्टनला राजधानीच्या कायद्यात दुरुस्ती हवी होती, कारण त्याने निवडलेल्या जागेत व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया हे गाव येत होतं आणि मूळ हद्दीत ते बसत नव्हतं. बँकेवर त्याची सही होईपर्यंत सिनेटने ती दुरुस्ती रोखून धरली, हा योगायोग समजणं कठीण आहे.

फिलाडेल्फियात दहा वर्षं राहण्याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला तर मुक्त होई. काँग्रेसच्या सदस्यांना सूट होती, राष्ट्राध्यक्षाला नव्हती. वॉशिंग्टन आपल्या घरातल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत असे. १७९६ मध्ये त्यांतली ओना जज निसटली आणि पुन्हा हाती लागली नाही.

राजधानी बांधायला सुरुवातीला काँग्रेसने पैसे दिले नाहीत. व्हर्जिनियाने १,२०,००० आणि मेरीलँडने ७२,००० डॉलर दिले. बाकी भूखंड विकून उभे करायचे होते. जमीनमालकांनी रस्त्यांची जागा फुकट दिली, उरलेल्यातले निम्मे भूखंड स्वतःकडे ठेवले. लिलावाला गिऱ्हाईक आलं नाही. मग ६,००० भूखंड एकदम घेतले तीन सट्टेबाजांनी, आणि त्यांतला एक होता तोच रॉबर्ट मॉरिस. हप्ते थकले, धंदा बुडाला, आणि १७९८ मध्ये मॉरिस कर्जापायी तुरुंगात गेला. भिंती उभारणाऱ्यांत मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम मोठ्या संख्येने होते.

अंतिम हिशेब १७९३ मध्ये लागला. न्यूयॉर्ककडे २० लाख ७४ हजार, व्हर्जिनियाकडे सुमारे १ लाख देणं निघालं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना प्रत्येकी १२ लाखांहून जास्त येणेकरी. केंद्राने येणेकऱ्यांना रोखे दिले. देणेकऱ्यांकडून वसुली कधी झालीच नाही.

जेफर्सनने १७९२ मध्ये वॉशिंग्टनला लिहिलं की हॅमिल्टनने आपल्याला फसवलं, आणि राजकीय आयुष्यातल्या सगळ्या चुकांत याच चुकीचा पस्तावा सर्वांत खोल आहे. नोव्हेंबर १८०० मध्ये काँग्रेस नव्या शहरात बसली. १८०१ उजाडताच त्या लांबणीवर टाकलेल्या रोख्यांचं ६ टक्के व्याज सुरू झालं, आणि मार्चमध्ये जेफर्सनने त्याच शहरात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याचा अर्थमंत्री अल्बर्ट गॅलॅटिन पश्चिम पेन्सिल्व्हेनियाचा, म्हणजे व्हिस्कीच्या मुलखातला. त्या दोघांनी १८०२ मध्ये अबकारी रद्द केली. हॅमिल्टनच्या रोख्यांचं व्याज मात्र एकदाही चुकवलं नाही, आणि १८०१ मधलं ८ कोटी ३० लाखांचं कर्ज १८१२ च्या सुरुवातीला साडेचार कोटींवर आलेलं होतं.